पुतळ्याचे मनोगत, दहापैकी चार

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दहावीची परीक्षा जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत नमुना निबंध यायला लागतात. माझी आई ते कात्रीने कापून फाइलीत लावते. 'पाऊस पडला नाही तर', 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त', 'मी शाळा बोलते'. या निबंधांना कल्पनाप्रधान म्हणतात आणि ते पाठ करायचे असतात. हे मला एकटीलाच विचित्र वाटतं का, एवढंच विचारायला बसले होते. पण पत्र लांबलं आहे, माफ करा.

मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहते. घरात कोकणी. चौथीपर्यंत शाळा मराठीतून, आणि पाचवीत गेल्यावर एकदम सगळे विषय इंग्रजीत. पहिले काही महिने मी विज्ञानाच्या पुस्तकात प्रत्येक ओळीवर पेन्सिलने मराठी अर्थ लिहायचे. अर्थ सापडला नाही की शेजारी चित्र काढायचे. ती खोड नंतरही गेली नाही. नववीच्या पुस्तकात ऑस्मोसिसच्या बाजूला आमच्या आजीची चेपणीच्या तोरांची बरणी आहे, मिठाच्या पाण्यात पडून सुरकुतलेल्या कैऱ्यांसकट. व्याख्या विसरले तरी त्या सुरकुत्या आठवतात आणि पाणी कुठून कुठे गेलं ते कळतं. वही तपासताना मात्र 'पुस्तक स्वच्छ ठेवणे' असा शेरा मिळाला. एका मराठीच्याच तासाला मला पेन्सिल लागत नाही, म्हणून तो तास माझा आवडता.

तर नववीत दिवाळीच्या आधी घटक चाचणी झाली. निबंधाला विषय आला 'एका पुतळ्याचे मनोगत'. वर्गात आम्ही बेचाळीस. पेपर परत मिळाल्यावर आम्ही मैत्रिणींनी एकमेकींचे पाहिले, तर सात जणींचं पहिलं वाक्य तेच: 'मी चौकात ऊन, वारा, पाऊस झेलत उभा आहे.' नंतर कावळे, मग जयंतीचा हार, मग 'माझ्या विचारांचा तुम्हाला विसर पडला'. त्या सगळ्यांना सात-आठ गुण.

मी नरकासुराचं लिहिलं होतं. तो पुतळाच ना? गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री नाक्यानाक्यावर बांबू, गवत आणि कागदाचे नरकासुर उभे असतात, पहाटे ते जाळतात. पुराणात नरकासुर भूमीचा मुलगा आहे. म्हणून माझा नरकासुर म्हणत होता: 'महिनाभर मुलं माझ्या अंगावर कागद चिकटवतात, माझे दात रंगवतात, माझ्यासाठी घरी बोलणी खातात. एवढे लाड करून मग जाळतात. जळून मी खाली पडतो तो आईच्याच मांडीवर.' टीचरनी लाल पेनने लिहिलं, 'विषयांतर. वाइटाची बाजू घेऊ नये.' दहापैकी चार. ते वाक्य त्यांनी वर्गात वाचूनही दाखवलं, पोरं खिदळली. दुपारपर्यंत माझं नाव 'नरकासुराची आवय' पडलं होतं. (आवय म्हणजे आई. घाटावरच्या वाचकांसाठी सांगते.)

न हसणारा एकच होता, शेवटच्या बाकावरचा. त्याला गणितात कधी पस्तीसच्या वर मिळाल्याचं मला आठवत नाही. शाळा सुटल्यावर त्याने माझा पेपर मागितला. 'म्हाका वाचपाक दी.' बालरथमध्ये (म्हणजे शाळेच्या बसमध्ये) बसून, ओठ हलवत, दोनदा वाचला. मग म्हणाला, संध्याकाळी आमच्या मांडवात ये.

मांडव म्हणजे एका बंद दुकानासमोर ताडपत्री टाकलेली जागा. आत पंधरा फुटी नरकासुर, डोकं अजून धडावर चढवलेलं नव्हतं. त्याच्या थोरल्या भावाच्या गॅरेजमधून त्याने मोडक्या व्हॅनची वायपरची मोटर आणली होती. ती नुसती जोडली तर मान फार भरभर हलते आणि नरकासुर भित्रा दिसतो, हे त्याचे शब्द. म्हणून मोटरवर सायकलचं लहान दातेरी चाक, मानेच्या दांड्याला तिप्पट दात्यांचं मोठं, मध्ये चेन. लहान चाक तीनदा फिरतं तेव्हा मोठं एकदा. मान सावकाश वळते, अगदी समोरच्या माणसाला निरखून पाहिल्यासारखी. मी म्हटलं, हे तर आपलं गुणोत्तर! तो म्हणाला, 'तें वेगळें.' मी वाद घातला नाही. त्याच्या बोटांना खळ लागली होती आणि मोठी मुलं त्याला सारखी कामं सांगत होती.

जाताना त्याने माझ्या निबंधाचं पान परत दिलं नाही. चौकोनी घडी घालून नरकासुराच्या पोटात, गवताच्या आत सारलं. 'आतां तो खरोच उलयतलो.' (आता तो खरंच बोलणार.) मला हसू आलं, आणि घरी येईपर्यंत रडूही आलं. दिवसभरात त्या निबंधाशी कोणी बोललं असेल तर तो एकटा.

दिवाळीच्या पहाटे आम्ही सगळे नाक्यावर गेलो. रात्रभर स्पीकरने आजीचं डोकं उठवलं होतं, त्याबद्दल तिचं वेगळं पत्र येऊ शकतं. जाळायच्या आधी तो शिडीवर चढून मोटर काढत होता, कारण ती भावाला परत द्यायची होती. मोटर नसलेली मान एका बाजूला कलली. पहाटेच्या दवाने गवत दमट झालं होतं, धूरच जास्त. पान नीट जळलं की नाही, देव जाणे. मग घरी येऊन डाव्या पायाने कारीट फोडलं आणि दुधातले, गुळाचे, ताकातले, बटाट्याचे असे सगळे फोव, म्हणजे पोहे, खाल्ले. तो दूधफोव खायला आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या मनगटावर पोळल्याचा फोड होता. आजीने त्यावर खोबरेल लावलं आणि त्याच्या ताटलीत आणखी एक वाढप घातलं.

आमच्या वेळापत्रकात मूल्यशिक्षणाचा तास आहे. त्यात दयाळूपणावर धडा झाला. 'दयाळूपणा म्हणजे काय, दोन उदाहरणे द्या.' मी मुंगीला पाण्यातून वाचवणारं कबूतर लिहिलं, कारण वहीत तेच उतरवून दिलं होतं. पुढचे तीन तास गणिताला गेले.

टीचरबद्दल कोणी गैरसमज करून घेऊ नये. जुलैत बालरथ बंद पडली तेव्हा बाकी सगळे निघून गेले, आणि त्याच टीचर आम्हा सहा मुलींबरोबर दीड तास शाळेच्या पोर्चमध्ये थांबल्या. स्वतःच्या डब्यातली पोळी सहा जणींत वाटली. घरी त्यांचं लहान मूल वाट पाहत होतं, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. असं असूनही निबंध तपासताना त्या वेगळ्याच का होतात, याचा मी पुष्कळ विचार केला. बहुतेक त्यांनाही कोणीतरी नमुना उत्तर दिलेलं असतं आणि बेचाळीस पेपर एका रात्रीत संपवायचे असतात.

पणजीच्या मार्केटात भिंतीवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं आहेत, मासे विकणाऱ्या बायका, टोपीवाले, कुत्री. त्यांचं घर लोटलीला, म्हणजे आमच्यापासून फार लांब नाही. लहानपणी ते घरच्या भिंतींवर चित्रं काढायचे, म्हणून त्यांच्या आईने त्यांना एक कोरी वही आणून दिली, असं सांगतात. पुढे त्यांनी चित्रांच्या रोजनिशा लिहिल्या. 1949, 1950 आणि 1951 सालच्या तर पुस्तकरूपाने छापल्याही आहेत. त्यांना पद्मविभूषण मिळालं तो भाग माझी आई नेहमी सांगते. मला त्या वहीचा भाग आवडतो. रागवायचं सोडून वही आणावी हे त्या बाईंना सुचलं कसं?

तर माझी विनंती अशी. पुरवणीत अख्खा नमुना निबंध छापू नका. वर विषय द्या, हवं तर पहिलं वाक्य द्या आणि खाली वीस-पंचवीस ओळींची जागा कोरी सोडा. आई कापून फाइलीत लावीलच, तिला मी ओळखते. पण त्या जागेत मी लिहीन. शेवटच्या बाकावरचा बहुधा लिहिणार नाही, चाकं काढील. तीही येतील एवढी जागा असू द्या.

आपली नम्र,
दहावीतील एक विद्यार्थिनी, फोंडा तालुका
(नाव छापू नये. 'आवय' म्हणणारे अजून आहेत.)