सक्तीची भरती करा म्हणणाऱ्यांना एक विचारायचंय

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, प्रत्येक पोराला दोन वर्षं मिलिटरी सक्तीची करा म्हणजे वळण लागंल. कोल्हापुरात हे चहाच्या गाड्यावर रोजच ऐकू येतं, नवल नाही, शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, घराघरातनं माणूस फौजेत गेलेला. पण ते आपल्या मनानं गेले, आणि भरतीत नापास झालेलं पोरगं घरी तरी येतं. सक्ती आली आणि माणसं कमी पडली की नापास करणंच सरकारला परवडत नाही.

युक्रेनचं बघा. अपंगत्वाचा दाखला असेल तर तिथं सूट आहे. पण दाखला नाही आणि धडधाकटही नाही अशांसाठी 'मर्यादित योग्य' असा गट होता, तो 2024 च्या कायद्यानं काढूनच टाकला आणि त्या गटातल्या सगळ्यांची मेडिकल परत. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाहेर आलं की तिथल्या कितीतरी सरकारी वकिलांनी अपंगत्वाचे दाखले काढून घेतलेत, त्यांच्या प्रमुखाला, प्रॉसिक्युटर जनरलला, राजीनामा द्यावा लागला. बोगस दाखले आपल्याकडं काय कमी आहेत का राव, नोकरीसाठी एवढे निघतात तर जीव वाचवायला किती निघतील! अमेरिकेनं तर व्हिएतनामच्या वेळी 1966 पासून बुद्धीच्या चाचणीत नापास होणारी तीन लाखांवर पोरं निकष खाली आणून घेतली, मॅक्नमारा संरक्षणमंत्री असताना, आणि त्यांच्यात मरणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं.

माझ्या पुतण्याला एका कानानं अजिबात ऐकू येत नाही. समोर बसून बोललं तर कुणाला पत्तापण लागत नाही, पण दाभोळकर कॉर्नरला डावीकडनं हॉर्न वाजला की हा उजवीकडं बघतो, आवाज कुठनं आला हेच त्याला कळत नाही. आपल्या भरतीत पाठमोरं उभं करून सहा मीटरवरनं कुजबुजतात, एकेक कान वेगळा तपासतात, तिथं तो सुटतो. घाईत सक्तीची भरती करणारा डॉक्टर एवढं करंल? असल्या पोराला रात्री पहाऱ्यावर उभं करायचं म्हणजे त्याचा पण जीव जाणार आणि शेजारच्याचा पण.

आणि जी पोरं स्वखुशीनं गेली त्यांचं तरी काय केलंय आपण? एनडीए, आयएमए ह्या फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या संस्थांत ट्रेनिंगमध्ये जायबंदी होऊन बाहेर पडलेले कॅडेट 1985 पासून सुमारे 500 आहेत, कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळायच्या आधी मोडले म्हणून माजी सैनिकाचा दर्जा नाही, अपंगत्वाच्या टक्क्यावर महिन्याला जास्तीत जास्त 40 हजारापर्यंत रक्कम, आणि ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्वतःहून दखल घेतली तेव्हा कुठं हलचाल सुरू झाली. पत्र लिहिणाऱ्या त्या भाऊंनी पुढचं पत्र ह्या पोरांसाठी लिहावं, खाली माझी पण सही घाला.

आपला,
एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर