अपग्रेडनंतर बंद पडलेले आमचे एक्सपीचे मशीन

कराड, जि. सातारा
दि. ३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : नवीन आवृत्ती बसवल्यावर व्हर्च्युअल मशीन बंद पडल्याबाबत व झालेल्या नुकसानीबाबत.
संदर्भ : दि. २१ सप्टेंबर २०२५ रोजी मी नोंदवलेली आणि ९ ऑक्टोबरला आपण परस्पर बंद केलेली तक्रार.

महोदय,

मी कराडमध्ये १९ वर्षे ऑफसेट प्रेस चालवते. मला धरून आम्ही चार माणसे आहोत. आपले व्हर्च्युअल मशीनचे, म्हणजे एका संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवण्याचे, सॉफ्टवेअर आम्ही २०१७ पासून पैसे भरून वापरतो आणि या सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे एकही तक्रार केलेली नव्हती. आज हे पत्र लिहिते आहे, कारण २० सप्टेंबरच्या अपग्रेडने आमचे काम ऐन दिवाळीच्या तोंडावर नऊ दिवस ठप्प केले, आणि त्याहून वाईट म्हणजे बिघाड कशाने झाला हे आपल्याकडच्या कुणीही पाहिले नाही.

आपल्या प्रतिनिधीने मला दोनदा विचारले की विंडोज एक्सपी ही जुनी प्रणाली अजून कशाला वापरता. त्याचे उत्तर एकदा नीट देते. आमच्याकडे पेजमेकर या पाने लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या २००६ पासूनच्या फाइली आहेत. त्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत, युनिकोडमध्ये, म्हणजे आजचे सगळे संगणक वाचतात त्या अक्षरपद्धतीत, नाहीत. त्या फॉन्टमध्ये देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि 'क' नंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये 'क' आधी आणि वेलांटी नंतर साठवली जाते. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर ही उलटापालट बरीचशी करतो, पण रफार किंवा 'ऱ्ह'मधला अर्धा 'र' आला की अडखळतो. आमच्या गावाचे जुने नाव 'कऱ्हाड' हेच घ्या. आम्ही वापरलेल्या कन्व्हर्टरमधून ते 'कर्हाड' होऊन बाहेर आले, रफार 'हा'च्या डोक्यावर. आम्ही कुलवृत्तांत, म्हणजे घराण्यांच्या वंशावळीची पुस्तके, छापतो. सध्या हातात असलेल्या कुलवृत्तांताची मूळ फाइल २००९ ची आहे, ४०० पाने, आणि पानापानावर कऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे. त्यातले एक आडनाव चुकले तर ते घराणे ते पुस्तक देवघरात ठेवणार नाही. म्हणून त्या फाइली आम्ही त्यांच्या मूळ घरात, म्हणजे एक्सपीमध्येच उघडतो. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला हे आम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे त्या मशीनला इंटरनेट दिलेले नाही. जुनी प्रणाली नव्या संगणकात सुखरूप चालवता यावी, याच कामासाठी तर आपले सॉफ्टवेअर विकत घेतले होते.

आता त्या संध्याकाळचे सांगते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपणार होता, म्हणून सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही विंडोज ११ चा नवा संगणक घेतला आणि एक्सपीचे मशीन त्यावर आणले. दोन आठवडे ते बिनतक्रार चालले. शनिवारी, २० तारखेला, आपल्या सॉफ्टवेअरने नवीन आवृत्तीची सूचना दाखवली. तुमची सध्याची मशीन पूर्वीप्रमाणे चालू राहतील, असे तीत लिहिले होते. मी ते वाचले आणि विश्वासाने होकार दिला.

त्या वेळी एक्सपीचे मशीन बंद केलेले नव्हते, आहे त्या स्थितीत थांबवून ठेवले होते. रोज रात्री आम्ही तसेच करतो. सकाळी पाने होती तशी समोर येतात. अपग्रेडनंतर आपल्या सॉफ्टवेअरने सांगितले की ही स्थिती जुन्या आवृत्तीतली असल्यामुळे उघडता येत नाही, टाकून द्यावी लागेल. 'आधी मशीन पूर्ण बंद करा' एवढे एक वाक्य अपग्रेड सुरू होण्यापूर्वी दाखवले असते तर दिवाळी अंकाच्या १४ पानांवरच्या प्रूफदुरुस्त्या वाचल्या असत्या. त्या सेव्ह करायच्या राहिल्या होत्या ही चूक माझी, ती मी मान्य करते. पण पुढे जे झाले त्यात माझी काहीही चूक नाही.

मशीन सुरू केले. विंडोजचा लोगो आला, खालची पट्टी दोन वेळा सरकली आणि निळी स्क्रीन आली. शेवटी '७बी' असलेला क्रमांक होता. पुन्हा सुरू केले, पुन्हा तेच. मी मोबाइलवर त्या स्क्रीनचा फोटो काढून रविवारी सकाळी तक्रारीसोबत पाठवला.

आपले पहिले उत्तर बुधवारी आले : विंडोज ११ मधली 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षेची सेटिंग बंद करा. ती चालू असली की व्हर्च्युअल मशीन संथ होते किंवा सुरूच होत नाही, हे खरे असेल. पण आमचे मशीन सुरू होत होते, लोगो दिसत होता, कोसळत होते ते त्यानंतर. माझा फोटो उघडून पाहिला असता तर हे उत्तर पाठवलेच नसते. तरी सांगितले तसे केले. काही फरक पडला नाही. दुसरे उत्तर आले की एक्सपी नव्या आवृत्तीत समर्थित नाही, नवे मशीन तयार करा. तिसरे उत्तर आलेच नाही, तक्रार 'निकाली' म्हणून बंद झाली.

बिघाड शोधला तो आमच्याकडे संगणक दुरुस्तीला येणाऱ्या मुलाने. गणपतीच्या सुट्टीत मी अख्ख्या मशीनची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवली होती. त्याने त्या प्रतीतली सेटिंगची फाइल आणि अपग्रेडनंतरची फाइल शेजारी शेजारी उघडली आणि पेन्सिल टेकवत ओळ ओळ ताडून पाहिली. दोन ठिकाणी फरक सापडला. जुन्या फाइलमध्ये हार्ड डिस्क आयडीई या जुन्या पद्धतीच्या जोडणीवर होती, नव्या फाइलमध्ये साटा या नव्या पद्धतीच्या जोडणीवर. जुन्या फाइलमध्ये यूएसबी २.० होते, नव्यात ३.०. हे दोन्ही बदल आम्ही केलेले नाहीत. नवीन आवृत्तीने मशीनचे हार्डवेअर 'अद्ययावत' करताना ते स्वतःहून केले.

एक्सपीकडे साटाच्या त्या प्रकारच्या जोडणीचा ड्रायव्हर, म्हणजे ती ओळखून चालवणारा छोटा प्रोग्राम, मुळात नसतो. सुरू होता होता त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही, आणि '७बी'चा अर्थ नेमका तोच आहे. त्या मुलाने डिस्क पुन्हा आयडीईवर लावली आणि एक्सपी उठले. प्रेसमध्ये सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, पण मराठी टाइप होईना. आमचे मराठीचे सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावायच्या किल्लीसारख्या छोट्या उपकरणावर, चालते. डोंगल लावलेले नसेल तर कीबोर्डवरून एकही देवनागरी अक्षर उमटत नाही. यूएसबी ३.० चा ड्रायव्हरही एक्सपीत नाही, त्यामुळे डोंगलचा लाल दिवा लागलेला असूनही एक्सपीला ते दिसत नव्हते. यूएसबी २.० वर परत आणल्यावर दिसले. एवढ्या शोधात २९ सप्टेंबर उजाडला. ज्याला आपण एक्सपी समर्थित नाही असे म्हणून सोडून दिले, ते दोन ओळी पूर्ववत करताच चालू झाले.

मधल्या दिवसांत जुन्या आवृत्तीवर परत जायचाही प्रयत्न केला. तिची फाइल आपल्या डाउनलोडच्या पानावरून काढून टाकलेली होती. मागितली तर दिली नाही. आमच्याकडे जुन्या संगणकावर ती आवृत्ती होती, पण बदललेले मशीन नव्या आवृत्तीचे आहे म्हणून तिने ते उघडायला नकार दिला. म्हणजे अपग्रेड होताना आमच्या मशीनचे मूळ रूप कुठेही राखून ठेवले गेले नाही. गणपतीतली प्रत नसती तर तुलना करायलाही काही उरले नसते.

दिवाळी अंक १७६ पानांचा, म्हणजे १६ पानी ११ फॉर्म. चार फॉर्म छापून झाले होते, सात अडकले. अंक १० ऑक्टोबरऐवजी १७ तारखेला संपादकांच्या हातात पडला, आणि ठरल्याप्रमाणे उशिराबद्दल त्यांनी छपाईच्या बिलातून १२,००० रुपये कापले. दुरुस्तीचे ४,५०० रुपये झाले. नवरात्रात माझी माणसे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसली, त्यांच्या जादा कामाचे ६,२०० रुपये मी दिले. सगळ्यांच्या पावत्या, निळ्या स्क्रीनचा फोटो आणि दोन्ही सेटिंग फाइलींच्या छापील प्रती सोबत जोडल्या आहेत.

माझी मागणी अशी की हे २२,७०० रुपये आणि चालू वर्षाचे परवाना शुल्क मला परत मिळावे. जुन्या आवृत्तीची फाइल परवानाधारकांना मागितल्यावर मिळावी. आणि अपग्रेडने कोणत्याही चालू मशीनची डिस्क किंवा यूएसबीची जोडणी विचारल्याशिवाय बदलू नये. बदलायचीच असेल तर आधी मूळ सेटिंगची प्रत काढून ठेवावी. पैशांपेक्षाही या शेवटच्या मागणीचे लेखी उत्तर मला हवे आहे. जुन्या फाइलींवर पोट असलेल्या माझ्यासारख्या डीटीपीवाल्या, छापखानेवाल्या माणसांचा घात अशा एका न विचारलेल्या बदलाने होतो.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी सातारा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार मी राहते त्या जिल्ह्यात करता येते, आणि हा छापखाना माझ्या उपजीविकेचा स्वयंरोजगार असल्यामुळे व्यावसायिक वापराचे कारण पुढे करून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

कुलवृत्तांताची उरलेली पाने आता एक्सपीमध्ये लावून होत आहेत. बिघडलेल्या मशीनची प्रत मी पुसलेली नाही. आपल्या तंत्रज्ञांना ती तपासायची असेल तर पेन ड्राइव्हवर घालून कुरिअरने पाठवते, पत्ता कळवावा.

आपली,
प्रोप्रायटर, ऑफसेट प्रेस, कराड