अध्यासनाला लॅन्सफील्डबाईंचे नाव

संपादक महोदय,

मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये मी 31 वर्षे टेक्निशियन होते. घसा धरलेल्या मुलांचे स्वॅब यायचे. ब्लड अगरच्या, म्हणजे जंतू वाढवण्यासाठी रक्त मिसळून गोठवलेल्या थराच्या प्लेटवर स्वॅबने रेघोट्या ओढून रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायचे. सकाळी जंतूंच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या ठिपक्यांभोवतीचा लाल रंग विरून काचेसारखी स्वच्छ कडी पडलेली असायची. मग जंतूचा गट ओळखायला कार्डावर लॅटेक्सचा थेंब घेऊन त्यात तो मिसळून हलवायचे. कणी धरली की रजिस्टरमध्ये नोंद, ‘लॅन्सफील्ड ग्रुप ए’. घशातला हा जंतू, स्ट्रेप्टोकोकस, अंगावर काढला तर संधिज्वर होऊ शकतो, पोराच्या हृदयाच्या झडपा जाऊ शकतात. म्हणून रिपोर्ट त्याच दिवशी वॉर्डात पोचवायची माझी धडपड असे.

हे नाव एका बाईचे आहे, हे मला निवृत्तीनंतर कळले. त्वचेच्या मूलपेशींवर काम करणाऱ्या एलेन फ्यूक्स यांच्याविषयी वाचत होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात त्यांचे पद आहे ‘रेबेका सी. लॅन्सफील्ड प्रोफेसर’, म्हणजे लॅन्सफील्डबाईंच्या नावाने ठेवलेले प्राध्यापकपद, अध्यासन. नुसत्या स्पर्शाने अंगावर फोड उठणाऱ्या एका आजाराचे मूळ केराटिन या प्रथिनातल्या दोषात आहे, हे दाखवणाऱ्यांत फ्यूक्स आहेत. आणि रेबेकाबाईंनी त्याच रॉकफेलरमध्ये उभे आयुष्य स्ट्रेप्टोकोकसवर घालवले. 1933 मध्ये त्यांनी केलेली या जंतूंची गटवारी आम्ही मिरजेत बसून वापरत होतो! एका संशोधक बाईच्या नावाच्या अध्यासनावर दुसरी संशोधक बाई. वाचून डोळे भरून आले.

आपल्याकडे कमल रणदिवे होत्या. जन्म पुण्याचा, 1917 चा, शाळा हुजूरपागा. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा, म्हणजे शरीरातल्या पेशी शरीराबाहेर वाढवण्याची प्रयोगशाळा, उभी केली. केंद्र सरकारने 2020 मध्ये 11 भारतीय विदुषींच्या नावे अध्यासने जाहीर केली, त्यांत त्यांचेही नाव होते. तरीही मला वाटते, त्यांच्या माहेरगावच्या विद्यापीठात लोकवर्गणीतून पेशीजीवशास्त्राचे अध्यासन व्हावे. सरकार बदलले, अनुदान आटले तरी वर्गणीच्या मूळ रकमेला हात लागू नये. व्याजावर प्राध्यापकाचे संशोधन चालावे, आणि प्लेटा ओतणाऱ्या एका टेक्निशियनचा पगारही त्यातूनच निघावा. पुण्यात देणगीदारांना तोटा नाही. विद्यापीठाने खाते उघडले, तर पेन्शनमधून साठवलेले 25 हजार रुपये मी पहिल्याच दिवशी भरीन.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, मिरज