एआय बसवा, पण युनिट बंद कोण करणार ते आधी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात वीज केंद्रांमध्ये आता एआय बसवणार, मशीन बिघडायच्या आधीच कळणार, अशी बातमी वाचली. मी विदर्भातल्या एका थर्मलला 31 वर्षं बॉयलर साइडला ऑपरेटर होतो, शिफ्ट ड्युटी, त्यामुळे चहा गार होईस्तोवर बातमी दोनदा वाचली. चांगलंय, बसवा. फक्त "आधीच कळणार" वाचून हसू आलं, आधी कळत नव्हतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?

एक रात्रपाळी सांगतो. 210 मेगावॉटचं युनिट, म्हणजे बॉयलर, टर्बाइन, जनरेटर असा एक संच, लोड फुल, म्हणजे पूर्ण क्षमतेने वीज चाललेली. आता बॉयलरमध्ये पाणी फिरतं ते तेच तेच, वाफ होऊन टर्बाइनला जातं, पुन्हा पाणी होऊन परत येतं, त्यामुळे वरून जे थोडं भरावं लागतं, ज्याला आम्ही डीएम मेकअप म्हणतो, ते रोज साधारण सारखंच असतं. त्या रात्री ते वाढत चाललेलं. आयडी फॅनचे अँपिअरही चढलेले, म्हणजे भट्टीतून गॅस ओढायला फॅनला जास्त जोर लागत होता. आमच्याकडे एक जुने हेल्पर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे, ते न सांगता बॉयलरच्या 27 मीटर उंचीवरच्या मजल्यावर जाऊन आले, पीपहोलपाशी, म्हणजे आत बघायच्या झरोक्यापाशी कान देऊन, आणि खाली येऊन एवढंच म्हणाले, "साहेब, आत शिट्टी वाजून राह्यली." ट्यूब लीकेज, म्हणजे बॉयलरमधल्या पाणी-वाफेच्या नळीला भोक. रात्रीचे पावणेतीन वाजले होते, कुठला सॉफ्टवेअर नाही काही नाही.

मी लॉगबुकात लिहिलं, शिफ्ट इनचार्जला सांगितलं, त्याने वर फोन केला. वरून निरोप आला, सण आहे, लोड पाहिजे, दोन दिवस ओढा. ओढलं, तीन दिवस ओढलं. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नळीच्या आत दर चौरस सेंटीमीटरला दीडशे किलोच्या आसपास प्रेशर असतं, भोक भले बाजरीच्या दाण्याएवढं असो, त्यातून निघालेली वाफ शेजारच्या ट्यूबला करवतीसारखी कापते, ती फुटली की ती पुढचीला. शेवटी युनिट बंद केलं, बॉयलर थंड व्हायला दीड दिवस, आत जाऊन पाहिलं तर एका ट्यूबच्या जागी चौदा ट्यूबा, काही तर सुरीने तासल्यासारख्या कागदाएवढ्या पातळ. तीन दिवसांचं काम आठ दिवस चाललं. 210 मेगावॉट म्हणजे दिवसाला 50 लाख युनिट वीज, पाच दिवस जास्तीचे, गुणाकार तुम्हीच करा.

वरच्या साहेबांना सगळा दोष देत नाही मी. युनिट बंद करून परत चालू करायचं म्हणजे आधी तेल जाळावं लागतं, तेल महाग, आणि कुणी किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या लोड डिस्पॅचचे फोन वेगळेच. पण खरी गोम अशी आहे की बंद केलं आणि आत काही निघालं नाही तर मेमो येतो, नाव घेऊन येतो, आणि चालू ठेवलं अन फुटलं तर म्हणतात मशीनचं काय सांगता येतं. सांगा आता, कोण कशाला बंद करेल.

हे नवीन सिस्टिम चांगलं काम करतं, यात वाद नाही. आमच्या वेळी अलार्मला एकच आकडा असायचा, बेअरिंग 75 डिग्री झालं की वाजणार. पण विदर्भातला मे महिना आणि डिसेंबरची पहाट, त्याच बेअरिंगचं टेम्परेचर दहा डिग्रीने सहज वेगळं. डिसेंबरात ते 62 दाखवत असेल तर माझ्यासारख्याला खटकायचं, अलार्म मात्र गप्प. सिस्टिम हेच करतं, एवढा लोड, एवढी हवा गरम, तर बेअरिंग किती पाहिजे याचा अंदाज काढतं आणि खरं रीडिंग त्याच्याशी ताडून बघतं. बॉयलरच्या भिंतीला मायक्रोफोन लावून काकांची ती शिट्टी ऐकायचंही सिस्टिम आहे, आणि त्याला नाइट शिफ्टला डुलकी लागत नाही, हा मोठाच फायदा.

पण ते शिकणार कशावरून? आमच्याच जुन्या रीडिंगवरून. आणि ती रीडिंगं कशी लिहिली जायची ते मला विचारा. थंडीत रात्री तीनचं आणि चारचं रीडिंग दोनलाच टाकून दिलंय मी, एकदा नाही बरेचदा, आधीच्या ओळीत पॉइंट दोन इकडेतिकडे करून, आज कबूल करतो. कॉम्प्युटरवर आलं तरी सेन्सर राखेत बुजलेले, केबल उंदरांनी खाल्लेल्या, आणि एखादा अलार्म रोज त्रास देतो म्हणून तो गप्प करायला टाकलेला जंपर, म्हणजे वायरचा तुकडा, दोन वर्षं तसाच. बिघडलेलं दोन वर्षं बिघडलेलंच दिसलं तर ते बिचारं सिस्टिम त्यालाच नॉर्मल समजणार ना. ट्रान्सफॉर्मरचंही तेच, तेलाचं सॅम्पल लॅबला जातं, त्यात ॲसिटिलीन वाढत असेल तर आत कुठेतरी ठिणग्या पडतायत हे शाळेतल्या पोरालाही सांगता येईल, पण रिपोर्ट येतो आणि फायलीला लागतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. सायबेरियात येनिसेई नदीवर सायानो-शुशेन्स्काया म्हणून जलविद्युत केंद्र आहे, 6400 मेगावॉटचं, रशियातलं सगळ्यात मोठं. तिथे 17 ऑगस्ट 2009 ला सकाळी 2 नंबरच्या टर्बाइनचं झाकण उडालं, अख्खा रोटर वर फेकला गेला, पाणी हॉलमध्ये घुसलं आणि 75 माणसं गेली. तपास अहवालात लिहिलंय की बेअरिंगचं व्हायब्रेशन 160 मायक्रॉनपर्यंत चालणार होतं, अपघाताच्या आधी ते 840 ला होतं. झाकणाचे 49 बोल्ट तपासले, 41 ना आधीपासून तडे. म्हणजे आकडा होता, समोर दिसत होता, मशीन चालूच. लाइट गेल्यामुळे माणसांना धावत धरणाच्या माथ्यावर जाऊन पाणी थांबवायला हाताने गेट खाली सोडावे लागले. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या रात्री झोप नाही लागली, कारण 840 नसेल पण लिमिटच्या वरचं रीडिंग बघून "सेन्सरच खराब असेल" असं मीही म्हटलेलं आहे. आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 ला उत्तर प्रदेशात उंचाहारच्या थर्मलला 500 मेगावॉटच्या नवीन युनिटमध्ये काय झालं ते आठवत असेलच, बॉयलरच्या तळाशी राख साचत गेली, चालू युनिटवर ती काढायचं काम सुरू होतं, चाळीसच्या वर कामगार गेले. राख साचतेय हे कळायला कुठलं एआय लागतं?

म्हणून आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी उद्घाटनाला जाल तेव्हा सिस्टिम किती कोटीचं हे विचारू नका, किंवा विचारा पण सोबत हेही विचारा की वॉर्निंग आल्यावर युनिट बंद करायची सही कुणाची, आणि त्याने सही केली अन आत काही निघालं नाही तर त्याला मेमो देणार का. केंद्रीय विद्युत प्राधिकरण रोज आऊटेजचा, म्हणजे बंद युनिटांचा रिपोर्ट काढतं, युनिट कुठलं, कधीपासून बंद, कारण काय, एका ओळीत, वॉटर वॉल ट्यूब लीकेज वगैरे. त्यात एक रकाना वाढवा म्हणावं, पहिली वॉर्निंग कधी आली होती. ती तारीख आणि बंद केल्याची तारीख शेजारी शेजारी छापली तर सिस्टिम किती उपयोगी पडतंय ते घरबसल्या माझ्यासारख्या पेन्शनरलाही कळेल.

आपला,
एक रिटायर्ड बॉयलर ऑपरेटर

ता.क. बातमीसोबतच्या फोटोखाली "धूर ओकणाऱ्या चिमण्या" असं छापलंय. त्या चिमण्या नाहीत, कूलिंग टॉवर आहेत, आणि तो धूर नाही, पाण्याची वाफ आहे. दरवर्षी हेच छापता राव.