दहा सेकंदांची मेमरी आणि एकतीस गाण्यांचा अल्बम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पाश्चात्त्य संगीताबद्दल जे छापून येते, त्यात दोन विधाने आलटून-पालटून भेटतात. जुने हिप-हॉप म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डवरून उचललेले तुकडे आणि आजचे पॉप म्हणजे संगणकावर जुळवलेला माल. तुकडे उचलले हे खरेच आहे. पण ते किती लांबीचे उचलले, तेवढेच का आणि उचलल्यावर त्यांचे काय केले, यात त्या संगीताची सगळी कारागिरी आहे. ती एकदा कानाला कळली की आजच्या पॉप अल्बममधला कोणता टिकणार, हेही बरेचसे कळू लागते.

हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीतल्या पार्टीत झाला, असे मानतात. तिथल्या डीजे कूल हर्कने रुजवलेली युक्ती साधी होती. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर (रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्रांवर) ठेवायच्या. गायक थांबून फक्त ड्रम आणि बास उरतात तो ‘ब्रेक’ पहिल्या प्रतीवर वाजवायचा, तेवढ्यात दुसरी प्रत मागे फिरवून त्याच जागी आणायची. चार-पाच सेकंदांचा ठेका असा हवा तितका वेळ चालू राहतो. पुढे हेच काम सॅम्पलर, म्हणजे आवाजाचा तुकडा साठवून पुन्हा वाजवणारी यंत्रे, करू लागले.

यातले महत्त्वाचे यंत्र म्हणजे १९८७ चे ई-म्यू एसपी-१२००. त्याची एकूण मेमरी दहा सेकंदांची आणि एक तुकडा फार तर अडीच सेकंदांचा. आता हिशेब करून पाहा. मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांचे एक आवर्तन २.६७ सेकंद घेते, म्हणजे ते यंत्रात मावत नाही. मग कारागिरांनी मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या वेगाची रेकॉर्ड ४५ वर फिरवून ध्वनिमुद्रित केली. तेच आवर्तन १.९८ सेकंदांत बसले. नंतर यंत्रात त्याची पट्टी खाली ओढून मूळ वेग परत आणला. दहा सेकंदांत साडेतेरा सेकंदांचे संगीत मावू लागले, पण त्याची किंमत होती. बारा बिट (आवाजाची पातळी मोजण्याची बारकाई) आणि सुमारे २६ किलोहर्ट्झचा सॅम्पलिंग दर (सेकंदाला सुमारे २६ हजार मोजण्या) असल्याने १३ किलोहर्ट्झच्या वरचे काही उरत नाही, हाय-हॅटची (ड्रमसंचातल्या झांजांची) चमक जाते आणि तुकडा संथ केल्यावर त्यात वाळूसारखी खरखर येते. आज संगणकावर प्लग-इन (जोड-सॉफ्टवेअर) लावून ज्या ‘जुन्या आवाजा’ची नक्कल करतात, तो आवाज मुळात मेमरी वाचवण्याच्या धडपडीतून आला आहे.

दुसरे यंत्र रॉजर लिन यांनी आखलेले अकाई एमपीसी ६०, १९८८ चे. त्यात ‘स्विंग’ची, म्हणजे ठोक्यांना झोका देण्याची, टक्केवारी असते. ५० म्हणजे सरळ चाल. ५८ केले की ९० च्या लयीत प्रत्येक दुसरा सोळांश ठोका सुमारे २७ मिलिसेकंद उशिरा पडतो. कागदावर हे नगण्य वाटेल, पण मान आपोआप डोलते ती या २७ मिलिसेकंदांमुळे. ढोलकी ऐकून वाढलेल्या कानाला हा झोका वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

या ठेक्यावर लयीत शब्द टाकणे म्हणजे रॅप. त्याला ‘आपला पोवाडा’ म्हणण्याची पद्धत मात्र सोडावी, असे मनापासून वाटते. पोवाड्यात डफ आणि झीलकरी शाहिराला साथ देतात, त्याच्या आवेशाबरोबर चढतात-उतरतात. इथे ठेका यंत्रात बांधलेला असतो, तो कोणासाठी थांबत नाही. रॅपर त्याच्या पुढे-मागे शब्द टाकतो, अंतर्यमके ओळीच्या मध्येच फोडतो आणि समेवर कधी येतो तर कधी मुद्दाम चुकवतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीतल्या नॅस या रॅपरचा १९९४ चा ‘इलमॅटिक’ यासाठी ऐकावा. सुरुवातीचा प्रवेश धरून दहा ट्रॅक, चाळीस मिनिटांच्या आत. संगीतकार पाच-सहा, तरी अल्बम एकाच गल्लीतून चालल्यासारखा वाटतो. त्यांपैकी पीट रॉकने जॅझ पियानोवादक अहमद जमालच्या पियानोचा छोटा तुकडा घेऊन त्याभोवती ड्रम बांधले आहेत. त्याच अल्बमवर नॅसचे वडील ओलू दारा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे वाद्य) वाजवतात. एकही गाणे काढता येत नाही.

१७ डिसेंबर १९९१ ला अमेरिकी न्यायालयाने गायक गिल्बर्ट ओ’सुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीच्या विरोधात निकाल दिला आणि हा धंदाच बदलला. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यासाठी दोन परवानग्या लागतात, एक रचनेच्या मालकाची आणि दुसरी ध्वनिमुद्रणाच्या मालकाची. पब्लिक एनिमी या रॅप गटाच्या १९८८ च्या अल्बममध्ये एकेका गाण्यात तुकड्यांचे जे थर आहेत, ते या हिशेबात परवडणेच शक्य नाही. डी ला सोल या दुसऱ्या गटाचे सुरुवातीचे अल्बम तर मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर नव्हते. आज पुष्कळ पॉप गाण्यांत जुनी चाल नव्याने वाजवून घेतात, कारण तेव्हा ध्वनिमुद्रणाची परवानगी लागत नाही, रचनेची तेवढी घ्यावी लागते. पैसे वाचतात, पण मूळ रेकॉर्डवरची खोली, तिथली हवा गाण्यात येत नाही. फरक ऐकू येतो.

या व्यवहारात आपली माणसेही आहेत. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या गाण्यात निर्माता डीजे क्विकने ‘ज्योती’ चित्रपटातले, लताबाईंनी गायलेले, बप्पी लाहिरींचे ‘थोडा रेशम लगता है’ सरळ वापरले. श्रेय दिले नव्हते. लाहिरींचे नाव घातल्याशिवाय अल्बम विकू नये, असा आदेश पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या न्यायालयाला द्यावा लागला. ब्रिटनी स्पिअर्सच्या ‘टॉक्सिक’मधली ती चिरकणारी व्हायोलिने लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ‘एक दूजे के लिये’मधली आहेत. सॅम्पलिंगवर मराठीत लिहिताना ही उदाहरणे आधी यायला हवीत.

आता अलीकडच्या पॉपकडे. यंत्राची मर्यादा गेली, मेमरी अमर्याद झाली, रेकॉर्डच्या एका बाजूला बावीसेक मिनिटेच मावतात हे बंधनही स्ट्रीमिंगला नाही. तीस सेकंद ऐकले की एक स्ट्रीम मोजला जातो, त्यामुळे जितकी गाणी जास्त तितकी मोजणी जास्त. टेलर स्विफ्टचा एप्रिल २०२४ चा ‘द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट’ मध्यरात्री सोळा गाण्यांनिशी आला आणि दोन तासांत आणखी पंधरा गाणी आली. एकूण ३१ गाणी, दोन तासांहून अधिक. ओळी चांगल्या आहेत, पण मध्यम लय आणि तेच सिंथचे (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचे) धुके इतका वेळ चालते की विसाव्या गाण्यापाशी कान मिटतो. संपादन झाले असते तर यातल्या बारा गाण्यांचा फार चांगला अल्बम होता.

त्याच वर्षी बिली आयलिशने ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’ दहा गाण्यांत, चव्वेचाळीस मिनिटांच्या आसपास संपवला. आधी एकही सिंगल (सुटे गाणे) काढले नाही, म्हणजे अल्बम पहिल्यांदा अखंडच ऐकला जावा. ‘लामूर द मा वी’ अर्ध्यावर संथ गाण्यातून थेट सिंथ-पॉपमध्ये उडी घेते आणि ती उडी खटकत नाही. चार्ली एक्ससीएक्सच्या ‘ब्रॅट’मध्ये शेवटचे गाणे पहिल्याच गाण्याला पिळून, वेगवान करून परत आणते. वर्तुळ पुरे होते. ‘लांब म्हणजे वाईट’ असा नियम मात्र मी करणार नाही. बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’मध्ये २७ ट्रॅक आहेत, पण मधले छोटे प्रवेश सांध्यांचे काम करतात, जुन्या हिप-हॉप अल्बममधल्या संवादांसारखे. लांबी तिथे पेलली आहे.

तुलना करायची तर ऐकण्याची सोय नीट हवी. फोनच्या स्पीकरवर ५० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज जवळजवळ येतच नाही, म्हणून ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या रॅप गटाचा ‘लो एंड थिअरी’ त्यावर ऐकून मत देऊ नये. साधे तारेचे हेडफोन पुरतात. अ‍ॅपमधले आवाज समान करणारे सेटिंग चालू ठेवावे. स्पॉटिफाय सगळे साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाज कानाला किती मोठा वाटतो, त्याचे एकक) आणते. ते बंद असले तर अंतिम प्रतच मोठ्या आवाजात तयार केलेले नवे गाणे उगाचच भारी वाटते. रॅप पहिल्यांदा शब्द समोर न ठेवता ऐकावा, दुसऱ्यांदा ठेवून. शफल बंद. गाण्यांचा क्रम हाही रचनेचाच भाग आहे.

आपल्याकडे मागणे इतकेच आहे. नवे अल्बम शुक्रवारी येतात आणि रविवारी आपल्याकडे परीक्षण छापून येते. दोन दिवसांत एकतीस गाणी नीट ऐकून होत नाहीत. दोन आठवडे थांबावे. परीक्षणाखाली गाण्यांची संख्या, एकूण मिनिटे, निर्मात्यांची नावे आणि कोणते तुकडे कुठून घेतले, हे चार ओळींत द्यावे. चित्रपटाच्या परीक्षणात आपण दिग्दर्शक आणि संगीतकार देताच.

आपला,
एक वाचक, ठाणे