नुसते पुन्हा कंपाइल करून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत २०३८ सालच्या वेळमोजणीच्या अडचणीवर आलेला लेख वाचला. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनंतर १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या आकड्यात मोजणाऱ्या संगणकांची मोजणी संपते, हे त्यात अचूक सांगितले आहे. मात्र वेळेचा आकडा ६४ बिटांचा करून प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केला, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवला, की काम झाले, हे विधान अपुरे आहे. छोट्या यंत्रांवर लिनक्स बसवण्याचे काम मी बरीच वर्षे केले असल्याने हे लिहितो.

वेळेचा हा आकडा किती बाइटचा (एक बाइट म्हणजे आठ बिट), हे कंपायलरला हेडर फाइलमधून, म्हणजे लायब्ररीतील फंक्शने आणि मापे सांगणाऱ्या फाइलमधून, कळते. सिस्टिम लायब्ररी, म्हणजे सर्व प्रोग्रॅम वापरतात तो तयार फंक्शनांचा साठा, मात्र आधीच, तेव्हाच्या हेडरनुसार, कंपाइल होऊन बसलेली असते. प्रोग्रॅम आणि लायब्ररी यांचे माप जुळते की नाही हे सी भाषेत कोणी पाहत नाही. दोन्ही जोडणारा लिंकर फक्त फंक्शनचे नाव जुळवतो.

आमच्या एका मीटरच्या कामात नेमके हेच घडले. प्रोग्रॅम नव्या मापाने कंपाइल केला, पण पुरवठादाराने दिलेली तयार लायब्ररी जुन्याच मापाची होती. दोघांमध्ये जाणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे एकत्र ठेवलेल्या माहितीच्या गठ्ठ्यात, आधी वेळ आणि मग रीडिंग होते. आम्ही रीडिंग आठ बाइट सोडून ठेवत होतो, तर लायब्ररी ते चार बाइट सोडून वाचत होती आणि तिथे तिला वेळेचा वरचा अर्धा भाग मिळत होता, जो आज शून्य असतो. त्यामुळे प्रत्येक मीटर शून्य युनिट दाखवू लागला. कंपाइल करताना एकही इशारा आला नव्हता, आणि आम्ही दोन आठवडे सेन्सरलाच दोष देत होतो.

'मसल' या सी भाषेच्या सिस्टिम लायब्ररीने फेब्रुवारी २०२० च्या १.२.० आवृत्तीत सरसकट ६४ बिट स्वीकारले. 'ग्लिबसी' या तशाच दुसऱ्या लायब्ररीने ऑगस्ट २०२१ च्या २.३४ आवृत्तीत ही निवड प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर सोपवली: तसे सांगितल्यास हेडरच जुन्या फंक्शनऐवजी नव्याकडे वळवते. पण ही सोय ग्लिबसीच्या स्वतःच्या फंक्शनांपुरतीच आहे. म्हणूनच डेबियन या लिनक्स-वितरणाला या बदलाची झळ बसलेल्या लायब्ररींच्या पॅकेजांना 'टी६४' हे शेपूट जोडून त्यांची नावेच बदलावी लागली, जेणेकरून जुनी आणि नवी एकमेकींत मिसळू नयेत. हा उपाय मला दिसायला ओबडधोबड, पण सर्वांत प्रामाणिक वाटतो.

आणखी एक अडचण कंपायलरच्याच घरातली आहे. जीसीसी हा कंपायलर बांधला जात असताना सिस्टिमच्या ज्या हेडर त्याला सदोष वाटतात, त्यांच्या दुरुस्त प्रती तो 'इन्क्लूड-फिक्स्ड' या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि पुढे त्याच आधी वाचतो. नंतर लायब्ररी बदलली, तरी या प्रती जुन्याच राहतात. त्या नव्याने तयार करणारी स्क्रिप्ट जीसीसीसोबतच येते; ती चालवायची आठवण मात्र फार थोड्यांना राहते.

पंधरा-वीस वर्षे भिंतीवर राहणारी मीटरसारखी यंत्रे खरेदी करणाऱ्या संस्थांनी म्हणूनच निविदेत केवळ '२०३८-सुरक्षित' एवढा शब्द न मागता, कंपायलर, त्याच्या हेडर आणि सिस्टिम लायब्ररी यांच्या आवृत्त्या, तसेच सोबतची प्रत्येक तयार लायब्ररी कोणत्या मापाने कंपाइल केली आहे, हे लेखी मागावे.

आपला,
एक वाचक, पुणे