पुस्तक सुचवताना मुलाकडेही पाहावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टी लागली की 'मुलांनी वाचायलाच हवीत' अशा पुस्तकांच्या याद्या छापून येतात. आपल्या पुरवणीतही यंदा आली. यादीतल्या पुस्तकांबद्दल माझी काही तक्रार नाही, चांगलीच आहेत ती. पण सत्तावीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढली, आणि निवृत्तीनंतर इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत, पार्किंगमध्ये सतरंजी टाकून, दर रविवारी पुस्तकांची देवघेव चालवते. त्या अनुभवावरून लिहिते. याद्या वाचतात आईवडील. ते पाच-सहा पुस्तकं एकदम आणतात आणि ती शोकेसमध्ये जाऊन बसतात. मूल पुस्तकाकडे वळतं ते कुणीतरी स्वतः वाचलेलं पुस्तक त्याच्या हातात देऊन 'हे बघ, यात काय आहे' असं म्हटल्यावर.

'श्यामची आई'चंच घ्या. माझ्याकडे येणाऱ्या सहावीतल्या एका मुलीला हे पुस्तक तीनदा बक्षीस मिळालं होतं. तिन्ही प्रती कोऱ्या. मी तिला सांगितलं की, साने गुरुजींनी हे आपल्या नाशिकच्या तुरुंगात, 1933 च्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत लिहून काढलं. "आपल्या इथे?" एवढंच ती म्हणाली, पण घरी जाऊन तिनं पुस्तक काढलं. त्यात गोष्टींना प्रकरणं म्हटलेलं नाही, रात्री म्हटलंय. अशा 42 रात्री. म्हणून मी सुचवलं, रोज झोपताना एकच रात्र, आणि तीही मोठ्यानं. आजी वाचायची, ही ऐकायची. एका रात्री आजीचा घसा दाटून आला, पुढचं वाचवेना, तेव्हा उरलेली पानं नातीनं वाचली. त्या दिवसापासून वाचायचं काम तिच्याकडे आलं.

लहानांची मला तितकी काळजी नाही. माधुरी पुरंदऱ्यांची चित्रांची पुस्तकं आहेत, विंदांच्या कविता आहेत, बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय. आणि चौथीपर्यंत घरातलं कुणी ना कुणी जवळ घेऊन वाचतं. गळती लागते ती सातवीनंतर. 'फास्टर फेणे' वाचून संपलेला असतो, क्लास सुरू होतात, मोबाइल हातात येतो. नेमक्या त्याच वेळी घरची माणसं पुढे करतात ती थोरामोठ्यांची चरित्रं नाहीतर यशस्वी कसं व्हावं हे सांगणारी पुस्तकं. चौदाव्या वर्षी मनात जे चाललेलं असतं, त्याबद्दल त्यांत अक्षर नसतं.

पेठ तालुक्यातली एक मुलगी वसतिगृहात राहून आमच्या शाळेत नववीत शिकत होती. मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या खिडकीपाशी नुसती बसून राहायची. तिला मी प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' दिलं. त्यातला लंपन आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहतो. कानडी वळणाची भाषा, त्यामुळे पहिली दहा पानं तिला जड गेली. ती मी शेजारी बसून तिच्याबरोबर वाचली. पुस्तक परत करताना ती म्हणाली, "बाई, ह्याला पण आईची आठवण आली की कुणाला सांगता येत नाही." मग 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ही तिन्ही तिनं सहामाहीच्या आत संपवली. पहिली दहा पानं जड जातील, तिथे सोडू नकोस, हे कुठल्या यादीत लिहिलेलं असतं?

सातपूरकडचा एक आठवीतला मुलगा आठवतो. पुस्तकाचं नाव काढलं की पळायचा. कुत्र्याचं पिल्लू दप्तरात घालून वर्गात आणलं म्हणून त्याला शिक्षा झाली आणि माझ्याकडे बसवून ठेवलं. त्या दिवशी मी त्याला राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं 'पाडस' दिलं, हरणाचं पिल्लू पाळणाऱ्या मुलाची गोष्ट. एवढं जाड पुस्तक बघून घाबरला होता. तीन आठवड्यांनी आला, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि तसाच उभा राहिला. मीही काही विचारलं नाही. मग म्हणाला, "असंच दुसरं द्या. पण शेवट असा नको."

मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'वरून मात्र पालकांशी माझे खटके उडालेत. 'त्यात प्रेमाबिमाचं आहे' म्हणून एका वडिलांनी ते मुलाच्या हातातून काढून घेतलं. नववीतल्या मुलाचं मन ज्या पुस्तकात इतकं खरं उतरलंय, ते त्यानं नववीत नाही तर कधी वाचायचं? माझं मत आजही तेच आहे. आणि न आवडलेलं पुस्तक तिसाव्या पानावर बंद करायची मुभाही मुलांना हवी. ताटातलं सगळं संपवलंच पाहिजे हा नियम पुस्तकांना लावू नये.

आपलं नाशिक पुस्तकांच्या बाबतीत गरीब नाही. सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे. 100 पुस्तकांची पेटी वाचकांच्या घरापर्यंत नेणारी 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं इथूनच सुरू केली. डिसेंबर 2021 मध्ये साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष होते जयंत नारळीकर, पण त्यांची 'यक्षांची देणगी' वाचलेला मुलगा मला त्या वर्षी एकच भेटला. पुस्तक आणि मूल यांच्यामध्ये उभं राहणारं माणूस कमी पडतंय. मध्यंतरी एका शाळेत गेले होते. पुस्तकांची तीन कपाटं, काचा लख्ख पुसलेल्या, आणि किल्ली रजेवर गेलेल्या कारकुनाकडे. मुलं काचेतूनच नावं वाचत होती.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. शनिवारच्या पुरवणीत एक छोटी चौकट मुलांना द्या. दर आठवड्याला एका मुलानं किंवा मुलीनं वाचलेल्या एकाच पुस्तकाबद्दल आठ-दहा ओळी लिहाव्यात. स्वतःची इयत्ता सांगावी, काय आवडलं ते सांगावं आणि कुठे कंटाळा आला तेही लपवू नये. आठवीतल्या मुलाचं सांगणं आठवीतला मुलगा ऐकतो, माझं ऐकेलच असं नाही. मोठ्यांनी त्यात फक्त शुद्धलेखन तपासावं, मतं तपासू नयेत.

आमच्या रविवारच्या मुलांनी लिहिलेली पहिली आठ टिपणं या पत्रासोबत पाठवत आहे. एक पेन्सिलीनं लिहिलेलं आहे, खाडाखोड तशीच ठेवली आहे. त्या मुलीला तिचं टिपण परत हवं आहे, तेवढं कृपया जपून ठेवावं.

आपली नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल, इंदिरानगर, नाशिक